झडप गोल, जागा लंबगोल

मिरजेत हृदयाच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर चहाच्या गाड्यावर पाच मिनिटं थांबलं, तर एक तक्रार हमखास कानावर येते. "टूडी इको झाला, अँजिओग्राफी झाली, आता आणि सीटी कशाला? पैसे काढायचे धंदे." सीटीचे काही धंदे असतातही. छाती न उघडता जांघेतल्या धमनीतून महाधमनीची अरुंद झालेली झडप बदलायची असेल, तर मात्र हा सीटी त्यात मोडत नाही.

छाती न उघडता झडप बसवायचं ऑपरेशन माणसावर पहिल्यांदा 16 एप्रिल 2002 रोजी फ्रान्समधल्या रुआँ शहरात ॲलन क्रिबिए यांनी केलं, तेव्हा जांघेतल्या शिरेतून. आज त्याला 'टावी' म्हणतात. छाती उघडली की सर्जन जुनी झडप कापून काढतो, जागेवर मापी घालून बघतो आणि त्या मापाची नवी झडप शिवतो. टावीत जुनी झडप आतच राहते आणि जागा कुणाला डोळ्यांनी दिसत नाही. माप आधीच घ्यावं लागतं. ते सीटीतून घेतात.

टूडी इकोवर भागत का नाही, याचं उत्तर त्याच्या नावातच आहे. दोन मितींच्या चित्रात एकच व्यास मोजता येतो, आणि झडपेचं कडं, म्हणजे झडप बसते ती जागा, लंबगोल असतं. उसाच्या रानात पीव्हीसी पाईपवरून ट्रॅक्टरचं चाक गेलं की पाईप दबतो. त्यात गोल तुकडा घालून बघा. एका बाजूनं घट्ट आणि दोन टोकांना फट! मोटर चालू केली की पाणी तिथूनच उडतं. हृदयात त्या फटीतून रक्त उलटं गळतं.

आता आकडे बघू. समजा कडं 28 बाय 22 मिमी आहे. लंबगोलाचं क्षेत्रफळ, म्हणजे दोन्ही व्यासांचा गुणाकार गुणिले 0.785, सुमारे 484 चौरस मिमी. इकोत बहुधा आखूड व्यास सापडतो. 22 चं वर्तुळ धरलं तर 380 येतात आणि 23 ची झडप निवडली जाते. तिचं क्षेत्रफळ 415, म्हणजे जागेपेक्षा लहान. ती गळेल, प्रसंगी निसटेलही. उलट 28 धरून 29 ची घातली तर 660 होतात. कड्याखाली कॅल्शियमची गाठ असेल तर झडप फुलवणारा फुगा फुगवताना तिथंच चिरतं, आणि मग माणूस वाचवणं अवघड. बरोबर माप 26: 531, जागेपेक्षा साधारण दहा टक्के मोठी. फुग्यावर फुलणाऱ्या झडपेला असंच थोडं जास्त माप लागतं. आपोआप उघडणाऱ्या झडपेसाठी क्षेत्रफळाऐवजी परीघ बघतात. वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हॅल 24.5, 27.5 अशा मधल्या मापांतही मिळते.

गंमत अशी, की हे कडं शरीरात वेगळं कापून दाखवता येत नाही. झडपेच्या तीन पाकळ्यांचे तीन तळबिंदू असतात. तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, ही शाळेतली भूमिती. त्या प्रतलावर जी आकृती उमटते तेच कडं. संगणकावर एकेका पाकळीचा तळ शोधून प्रतल फिरवत तिन्ही बिंदू एका पातळीत आणतात. बिंदू चुकला की प्रतल कलतं आणि माप वाढतं. मुळा तिरका कापला की चकती मोठी पडते तसं. शिवाय हृदय आकुंचन पावतं तेव्हा कडं बहुधा जास्त मोठं असतं, म्हणून ठोक्याच्या 20 ते 40 टक्क्यांमधलं चित्र घेतात. मिनिटाला 75 ठोके असतील तर एक ठोका 800 मिलिसेकंदांचा, म्हणजे ती खिडकी ठोका सुरू झाल्यापासून 160 ते 320 मिलिसेकंदांमधली. यासाठी छातीला ईसीजीच्या तारा जोडून स्कॅन करतात. ठोके अनियमित असले तर चित्राला पायऱ्या पडतात.

त्याच स्कॅनमध्ये हृदयाच्या धमन्यांची तोंडं कड्यापासून किती उंच आहेत तेही कळतं. 12 मिमीच्या आत असतील, तर ढकललेली जुनी पाकळी ते तोंड बंद करू शकते. मांडीच्या धमनीचीही पाहणी होते. झडप आत नेणाऱ्या, 14 फ्रेंच मापाच्या नळीचा आतला व्यास 4.7 मिमी, पण धमनी साधारण साडेपाचची हवी. वर्षानुवर्षं तंबाखू-विडी ओढलेल्यांच्या धमन्या इथंच अडवतात.

स्कॅनला जाताना क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट जवळ ठेवा, कारण सीटीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून टोचतात त्या डायचा भार किडनीवर पडतो. उजव्या कोपराच्या खोबणीत जाड, हिरवी सुई लागते. डाय सेकंदाला चार-पाच मिली वेगानं जातो. अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखी वाटते. घाबरू नका, श्वास मात्र सांगतील तेवढा रोखा. आणि झडप अरुंद आहे हे आधीच ठासून सांगा. साध्या हृदयाच्या सीटीआधी जिभेखाली देतात ती गोळी अशा पेशंटचा बीपी एकदम पाडू शकते.

लिंबू-आलं-लसूण-व्हिनेगरचा काढा पिऊन झडपेतलं कॅल्शियम विरघळतं, असे मेसेज फिरत असतात. ते दुधातून साचलेलं नसतं. झडपेतल्याच काही पेशी हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. ते विरघळवणारं औषध आजवर निघालेलं नाही, काढा तर दूरच.

शेवटी, स्कॅन सांगली-साताऱ्यात केला आणि झडप पुण्या-मुंबईत बसवायची असेल, तर नुसती फिल्म घेऊन निघू नका. फिल्मवर प्रतल फिरवता येत नाही. सीडी मागा, आणि तीत एक मिमी किंवा त्याहून पातळ कापांची, ठोक्याच्या सगळ्या टप्प्यांची चित्रं आहेत का ते तिथंच विचारा. पाच मिमीचे काप भरून दिले असतील, तर पुण्याला पुन्हा डाय टोचावा लागतो.