गोदीतली हजेरी: एका दिवंगत मित्राच्या कार्याची पार्श्वभूमी

आमचे दिवंगत मित्र आजरा तालुक्यातल्या एका खेड्यातून मुंबईला गेले, बंदरावर गोदी कामगार म्हणून राबले आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरात स्थायिक झाले. शोकसभेत त्यांच्या युनियनच्या कामाचा गौरव झाला. परंतु ते काम ज्या इतिहासातून आले, तो आपल्या जिल्ह्यात फारसा सांगितला जात नाही. गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागांत गिरण्यांचा १९८२ चा संप अजून बोलण्यात येतो. गोदीचे नाव मात्र क्वचितच निघते, याची मला खंत आहे.

मुंबईची प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये सुरू झाली, त्यानंतर व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा. जहाजांची ये-जा अनियमित असल्याने माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या स्टीव्हडोर कंपन्यांना माणसे सदैव हाताशी हवी असत, पण जहाज नसलेल्या दिवसाची मजुरी द्यायची नसे. टोळीवाला, म्हणजे मजुरांच्या टोळीचा मुकादम, जमलेल्यांतून माणसे निवडी, आणि त्याची मर्जी राखल्याशिवाय काम मिळणे कठीण होते. कामात जिवाची शाश्वतीही नव्हती: १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ज्या जहाजाचा स्फोट झाला, त्यात स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या.

या रोजंदारीला पहिला खरा आळा १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने बसला. त्यानुसार सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असलेले मंडळ मुंबईत स्थापन झाले. कामगारांची नोंदणी होऊन पाळीप्रमाणे काम मिळू लागले आणि हजर राहूनही काम न मिळाल्यास हजेरीचे पैसे मिळू लागले. माझ्या मते यातली सर्वांत मोठी गोष्ट हजेरीच्या पैशांचीच होती, कारण काम नसल्याचा भार प्रथमच एकट्या कामगारावर राहिला नाही. कायदा कागदावर राहू नये म्हणून पी. डिमेलो यांच्या नेतृत्वाखालच्या युनियनने जो लढा दिला, त्याच परंपरेत आमचे मित्र घडले. गोदीलगतच्या रस्त्याला आज डिमेलो यांचे नाव आहे.

पुढे कंटेनर आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, टोळ्यांचे काम क्रेनकडे गेले आणि १९९४ मध्ये मुंबईचे गोदी कामगार मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. आमच्या मित्रांची नोकरी याच काळात संपली.

कोल्हापुरात परतल्यावर ते मार्केट यार्डातल्या हमालांकडे वळले, यात आश्चर्य नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याची रचना गोदीच्या व्यवस्थेशी मिळतीजुळती आहे: नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मालकाने मजुरीखेरीज भरायच्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधीसारखी तरतूद. गुळाचे रवे उचलणाऱ्या तरुणांना ते हीच लेव्ही समजावून सांगत, आणि मजुरी परस्पर रोखीने घेतली तर तिची नोंद मंडळाच्या वहीत होणार नाही, हे पुन्हा पुन्हा बजावत.