एकच नाव, लाखो किल्ल्या

गिटहब घ्या नाहीतर गिटलॅब, प्रोग्रामचा कोड ठेवून घेणाऱ्या या सेवांकडे एसएसएचवरून (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या पद्धतीने) कोड पुश करताना, म्हणजे पाठवताना, पत्त्याच्या सुरुवातीला वापरकर्त्याचं नाव म्हणून 'गिट' एवढंच येतं. तुमचं तेच, माझंही तेच. सगळेच एका नावाने दारात उभे राहिले तर आत कुणाला सोडायचं, हे सर्व्हरला कळतं कसं? कोड ठेवून घेणाऱ्या या सेवा कशा उभ्या राहिल्या, हे समजून घ्यायला हा प्रश्न बरा पडतो.

आधी प्रत्येकाचं स्वतंत्र नाव असायचं. नोव्हेंबर १९९९ मध्ये व्हीए लिनक्स या कंपनीने सोर्सफोर्ज सुरू केलं. त्याआधी मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्प चालवायचा तर सर्व्हर स्वतःच सांभाळावा लागे. सोर्सफोर्जने रेपॉझिटरी (म्हणजे कोडचं भांडार, तेही बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सीव्हीएस या सॉफ्टवेअरवर चालणारं), डाउनलोडची जागा आणि बग नोंदवायची सोय फुकट दिली. मात्र प्रकल्पाची नोंदणी मंजूर होईपर्यंत थांबावं लागे, आणि डेव्हलपरला मिळे ते त्यांच्या यंत्रावरचं खरंखुरं युनिक्स खातं, म्हणजे स्वतःच्या नावाचं लॉगिन. सीव्हीएसला फाइलचं नाव बदललेलं कळतच नसे. इतिहास टिकवून फाइल हलवायची तर सर्व्हरवरच्या रेपॉझिटरीत कुणीतरी हाताने उलथापालथ करायची.

एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नल (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहिणाऱ्या लोकांची बिटकीपर हे बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट वापरण्याची सोय गेली. ३ एप्रिलला कर्नलचा जनक लिनस टोरवाल्ड्सने त्याच कामासाठी गिट लिहायला घेतलं आणि ७ तारखेला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच नोंदवला जाऊ लागला. गिटमध्ये प्रत्येकाकडे सगळा इतिहास असतो, त्यामुळे मध्यवर्ती सर्व्हर लागतच नाही. पण कामाची देवाणघेवाण करायला सगळ्यांना गाठता येईल असं एखादं ठिकाण हवंच की!

अशा ठिकाणी पुश होतं तेव्हा घडतं एवढंच: तुमचं यंत्र एसएसएचने सर्व्हरवर जातं आणि तिथे 'गिट-रिसीव्ह-पॅक' ही आज्ञा रेपोचा (रेपॉझिटरीचा) पत्ता देऊन चालवायला सांगतं. क्लोन करताना, म्हणजे अख्खी प्रत उतरवून घेताना, 'गिट-अपलोड-पॅक'. म्हणजे सर्व्हरवर लॉगिन हवं. हजारो अनोळखी लोकांना ते कोण देणार? तोड एसएसएचमध्येच होती. ज्या फाइलमध्ये मान्य किल्ल्या (माणसाची ओळख पटवणारे लांबलचक संकेत) एकेका ओळीत लिहितात, तिथे प्रत्येक किल्लीपुढे एक सक्तीची आज्ञा जोडता येते. मग त्या किल्लीने आलेला माणूस काहीही मागो, चालते ती आपलीच आज्ञा; त्याची मूळ मागणी एका व्हेरिएबलमध्ये ठेवलेली असते. ही आज्ञा म्हणजे दारवान. किल्लीवरून तो माणूस ओळखतो, मागणीत कुठला रेपो आहे ते बघतो, परवानगी असेल तरच पुढे सोडतो. टोमी विर्टानेनच्या गिटोसिसने ही युक्ती रुळवली, आणि भारतातल्या सीताराम चामर्ती यांच्या गिटोलाइटने तिला बारीक नियमांची जोड दिली: कुठल्या ब्रांचवर (कोडच्या फाट्यावर) कोण लिहील, कोण फक्त वाचेल. गिटहबच्या कहाण्या सांगताना चामर्तींचं नाव आपल्याकडेही राहून जातं, याचं वाईट वाटतं.

गिटहब एप्रिल २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. टॉम प्रेस्टन-वर्नर आणि ख्रिस वॉनस्ट्रॅथ यांनी त्याचं काम आदल्या ऑक्टोबरात सुरू केलं होतं. फोर्कचं (दुसऱ्याच्या रेपोची स्वतःसाठी प्रत काढायचं) बटण सगळ्यांना आठवतं, पण खरी झोंबाझोंबी डिस्कशी होती. पान उघडलं की रेपोतून वाचायचं, आणि सगळे रेपो एका सामायिक फाइल-यंत्रणेवर. भार वाढला तशी ती गुदमरू लागली. सप्टेंबर २००९ मध्ये त्यांनी अख्खं बिऱ्हाड इंजिन यार्ड या होस्टिंग कंपनीकडून रॅकस्पेस या दुसऱ्या कंपनीकडे हलवलं. नव्या रचनेत एका खात्याचे रेपो एकाच फाइल-सर्व्हरवर, कोण कुठे राहतो त्याची यादी रेडिस या डेटाबेसमध्ये, आणि प्रत्येक फाइल-सर्व्हरला मागे एक जोडीदार.

किल्ल्यांची फाइलही पुरेना. एसएसएच ती वरून खाली ओळ न् ओळ चाळत जातं. लाखभर ओळी झाल्या तर शेवटच्या माणसाने ताटकळायचं. गिटहबने एसएसएचच्या कोडमध्येच बदल करून किल्ली थेट मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये शोधायला लावली. ओपनएसएसएच या एसएसएचच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये किल्ली बाहेरून विचारून घेण्याची सोय २०१३ मध्ये, ६.२ या आवृत्तीत आली.

या सगळ्यात गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी गिट जन्मलं, त्या कर्नलवाल्यांच्या सर्व्हरवर डेव्हलपरांची जुन्या पद्धतीची शेल खाती (आत शिरून हवी ती आज्ञा चालवू देणारी) तोपर्यंत चालूच होती. ऑगस्ट २०११ मध्ये कर्नल डॉट ऑर्ग या त्यांच्या साइटमध्ये घुसखोरी उघडकीला आली. कोडची धास्ती फारशी नव्हती, कारण कमिटचं (नोंदवलेल्या बदलाचं) नाव त्यातल्या मजकुरावरूनच ठरतं आणि प्रती जगभर पसरलेल्या. गुपचूप केलेला फेरफार लपला नसता. पण सर्व्हर बंद झाले, आणि सप्टेंबरात खुद्द टोरवाल्ड्सने कर्नलचा रेपो तात्पुरता गिटहबवर ठेवला. कर्नल डॉट ऑर्ग परतलं तेव्हा शेल खाती गेली होती, आणि दारावर गिटोलाइट बसलं होतं.