परिपाठानंतरची दहा मिनिटं : पार्श्वभूमी

मुलांना श्वासाकडे बघायला शिकवलं की त्यांची भीती आणि ताण उतरतो, असं आज शिक्षक, पालक, अधिकारी सगळेच धरून चालतात. महाराष्ट्रात ही गोष्ट शाळेपर्यंत पोचली तेव्हा मात्र तिच्याकडून वेगळीच अपेक्षा होती. इगतपुरीत विपश्यनेची शिबिरं १९७६ पासून भरू लागली. पुढे मुलांसाठी छोटी शिबिरं निघाली, त्यांत फक्त आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देणं. त्यांची भाषा शीलाची आणि एकाग्रतेची होती. खोटं बोलू नये, राग आवरावा, अभ्यासात मन लागावं. ताण हा त्या घरातला पाहुणा, तो बराच उशिरा आला.

याच काळात सरकारी कर्मचाऱ्यांना शिबिरासाठी रजा मिळू लागली. त्यातून तयार झालेल्या शिक्षकांच्या भरवशावर गेल्या दशकाच्या सुरुवातीला शालेय शिक्षण विभागाने शाळांत आनापान शिकवणारा ‘मित्र उपक्रम’ हाती घेतला. पहिलं सत्र तासाभराहून थोडं मोठं, मग रोज शाळा भरताना आणि सुटताना दहा-दहा मिनिटं. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात परिपाठ लांबला की ही दहा मिनिटं पहिली कापली जातात. उरली तर चौथीच्या वर्गाचं दृश्य ठरलेलं : मांडी घातलेली चाळीस मुलं, त्यातल्या दहा-बाराजणांचा एक डोळा किलकिला, बाहेर खिचडीच्या पातेल्यावर झाकण आदळतंय आणि कुणीतरी नाकपुडीजवळचा श्वास मोठ्याने ओढून दाखवतोय.

खरा गुंता नावाचा आहे. ‘मित्र’ हे इंग्रजी आद्याक्षरांवरून बेतलेलं नाव : माइंड इन ट्रेनिंग फॉर राइट अवेअरनेस. त्यात विपश्यना नाही, बुद्ध नाही, ध्यानही नाही. ‘राइट अवेअरनेस’ म्हणजे बुद्धाने सांगितलेल्या अष्टांगिक मार्गातली सम्मा सति, हे जाणकाराला लगेच कळतं, इतरांना कळायचं कारण नाही. या ‘सति’चं इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ केलं ते १८८१ साली, सिलोनमध्ये सरकारी नोकरी करून परतलेल्या एका ब्रिटिश पाली पंडिताने. तो इंग्रजी शब्द फिरून आपल्याकडे आला तेव्हा आपली पंचाईत झाली. ‘सति’ तसंच ठेवावं तर मराठी कानाला भलतीच सती ऐकू येते. ‘स्मृती’ म्हणावं तर आठवण. ‘ध्यान’ म्हणावं तर ‘काय ध्यान आहे बघा’ हे आलंच. ‘आनापान’ पालीत निव्वळ आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास. पण आठवीच्या वर्गात त्याची फोड करून सांगितली की ‘अपान’पाशी मागच्या बाकावर खसखस पिकते, कारण अपानवायू म्हणजे काय हे त्यांना आजोबांमुळे ठाऊक असतं. शेवटी लेखांतून ‘सजगता’ रुळलं. ‘भान’ हा जास्त आपला शब्द होता, तो मागे पडला याची चुटपुट लागते.

नाव इतकं जपून ठेवण्यामागे राज्यघटनेचा २८वा अनुच्छेद आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मग श्वासाकडे बघणं हे धार्मिक शिक्षण का? उपक्रमाची बाजू अशी की मंत्र नाही, मूर्ती नाही, श्वास सगळ्यांचाच. विवेकवादी विचारतात, त्यासोबत खोटं बोलू नये वगैरे शिकवणारं बौद्धांचं पंचशील कुठून आलं? आंबेडकरी विचारातल्या काहींचा आक्षेप याच्या उलट : बुद्धाचं घेता, मग नाव का लपवता, आणि अन्यायाने पेटलेल्या मुलाला डोळे मिटून बसवणं हाच बुद्ध का? हा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि परिपत्रकांच्या भाषेत त्याला जागाच नाही. असाच वाद कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासमध्ये शाळेतल्या योगावरून २०१३ साली कोर्टात गेला. तिथल्या शाळांनी पद्मासनाला लहान मुलांच्या बडबडगीतातलं नाव दिलं होतं. २०१५ मध्ये अपिलातही शाळाच जिंकल्या. आपल्याकडे मांडी घालून बसण्याला नवं नाव लागत नाही, एवढी तरी सोय आहे.

ताण आला तो दोन वाटांनी. एक वाट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयातली. तिथे १९७९ मध्ये जुनाट वेदना असलेल्या रुग्णांसाठी ध्यानाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या नावातच ताण कमी करणं होतं. दुसरी वाट घरची. २०१०च्या जानेवारीत मुंबईत विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक आल्या. त्याच एप्रिलपासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावं असं कलम २९मध्येच लिहिलं. दिल्लीत जुलै २०१८ पासून नर्सरी ते आठवीच्या सरकारी वर्गांत आनंदाची तासिका आली. कोविडनंतर तर प्रत्येक परिपत्रकात ‘मानसिक आरोग्य’ आहे. २०२२ साली ३ लाख ७९ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय पाहणीत ८१ टक्क्यांनी चिंतेचं कारण सांगितलं अभ्यास, परीक्षा आणि निकाल. उत्तर परीक्षेकडे बोट दाखवतं, आणि आपण मुलाला नाकाकडे बघायला सांगतो.

ताण हेच माप ठरल्यावर शाळेतल्या सजगतेची परीक्षाही त्याच मापाने झाली. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. ८०हून अधिक शाळा, आठ हजारांवर मुलं, सजगतेच्या दहा तासिका. नेहमीचं सामाजिक-भावनिक शिक्षण घेणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना जास्त फायदा दिसला नाही. बहुतेकांनी घरी सरावच केला नव्हता. थोडा दिलासा मिळाला तो शिक्षकांना, तोही तात्पुरता. ही पाश्चात्त्य तासिकांची चाचणी, आनापानाची नव्हे, असं इथले समर्थक म्हणतात. ते बरोबर आहे. पण मग ताण उतरतो हा दावाही त्या तासिकांकडून उसना घेऊ नये.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा असं सांगितलं. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संधान बांधायचं. वाडीवस्तीवरच्या छोट्या शाळेचा पट अनेकदा विसाच्या आत असतो. तिथे घंटा देणारे, पोषण आहाराची नोंद करणारे आणि डोळे मिटा म्हणणारे गुरुजी एकच.