घराशी घोडा पाळणे व झोनिंग (गोवा)

घराशी घोडा पाळणे व झोनिंग (गोवा) : घराच्या आवारात, भाटात (बागेच्या जमिनीत) किंवा कुळागरात (सुपारीच्या बागेत) घोडा ठेवताना लागू होणारे भूवापराचे, बांधकामाचे आणि पशुआरोग्याचे नियम. झोनिंग (कोणती जमीन कशासाठी वापरायची याची विभागणी) घोडा मोजत नाही, जमीन मोजते. तबेला कुठे बांधला, लीद कुठे साठवली आणि घोडा फिरवायला किती जमीन सपाट केली, यावर परवानगीचा प्रश्न येतो.

जमिनीचा झोन नगर व ग्रामनियोजन कायदा १९७४ खालच्या आराखड्यांवरून ठरतो. बहुतेक गावांना प्रादेशिक आराखडा २०२१ लागू आहे, तर शहरांभोवतीच्या नियोजन क्षेत्रांना ओडीपी (बाह्यरेखा विकास आराखडा). नकाशावर वस्ती (सेटलमेंट), फलोद्यान (ऑर्चर्ड), लागवडीची जमीन, खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन), वन असे रंग दिसतात. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारासारखा जमिनीचा उतारा) जिरायत, बागायत, तरी (भातजमीन), खाजन, केर, मोरड अशा जमिनीच्या प्रकारांचे रकाने असतात. त्यातली ‘बागायत’ म्हणजे ऑर्चर्ड झोन नव्हे. उतारा महसुलाचा आहे, झोन नियोजनाचा. एकाच सर्व्हे नंबरात दोन झोन पडलेलेही आढळतात, आणि तबेल्याची जागा नेमकी दुसऱ्यात निघते. म्हणून सर्व्हे प्लॅनवर तबेल्याची जागा आखून तालुक्याच्या नगरनियोजन कार्यालयातून त्या जागेचा झोन लेखी घ्यावा. नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७(२) किंवा ३९(अ) खाली झोन बदलून घेतलेली जमीन असेल तर जास्तच सावध राहावे, कारण अशा बदलांना उच्च न्यायालयात आव्हाने दिली गेली आहेत.

झोन सेटलमेंट असला तरी काम संपत नाही. शेतजमिनीचा बिगरशेती वापर करायचा तर भूमहसूल संहिता १९६८ च्या कलम ३२ खाली सनद लागते, आणि बांधकामाचा परवाना पंचायत किंवा पालिका देते. एक कागद दुसऱ्याची जागा घेत नाही. उताऱ्यावरचा कुळाचा रकाना जरूर वाचावा: कूळ कायद्याने कुळाच्या मालकीच्या झालेल्या जमिनीला भूवापर (नियमन) कायदा १९९१ लागू होतो आणि ती शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असेल तर आधी तिची संमती हवी. नकाशात तबेल्याला तबेलाच म्हणावे. ‘शेड’ किंवा ‘गोदाम’ लिहून परवाना सुटसुटीत मिळतोही, पण पहिली तक्रार होताच तोच शब्द अंगावर येतो. स्वतःच्या घोड्यासोबत शिकाऊ मुलांकडून फी घेतली जाऊ लागली की तो धंदा ठरतो, आणि त्याचे परवाने वेगळे.

किनाऱ्यालगत सीआरझेडही (किनारी नियमन क्षेत्राचे नियम) पाहावे लागते. सीआरझेड तीनच्या, म्हणजे फारशी बांधकामे नसलेल्या, गावांत २०११ च्या अधिसूचनेनुसार भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. झावळ्यांचा तात्पुरता मांडवही तिथे बांधकामच ठरते.

डोंगरउताराच्या भाटांत खरी अडचण रिंगणाची. सरावाचे लहान आयताकृती रिंगण २० बाय ४० मीटरचे असते. दहाला एक उतारावर २० मीटरच्या रुंदीत दोन मीटरचा फरक पडतो, म्हणजे वरून सुमारे मीटरभर कापून खाली तेवढाच भराव टाकावा लागतो. अशी डोंगरकापणी किंवा सखल जागेतला भराव नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७(अ) खाली लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. सपाट खळ्याएवढ्या जागेत १५ ते १८ मीटर व्यासाचे गोल रिंगण भागते, आणि बहुतेक घरांना तेच पुरते.

मोठ्या घोड्याच्या खणाला निदान ३.६ बाय ३.६ मीटर जागा, १.२ मीटर रुंद दार आणि ३ मीटरहून उंच छप्पर लागते. चंदी, गवत आणि खोगिरासाठी खोली वेगळी. जूनपासून चार महिने पाऊस असतो, म्हणून जोते उंच हवे. ओल्या जमिनीवर उभ्या घोड्याच्या खुराचा तळवा सडतो. रोज खूर कोरणे आणि नालबंदाला दर सहा-आठ आठवड्यांनी बोलावणे चुकवू नये.

शेजाऱ्यांशी बिनसते ते बहुधा लिदीवरून. ४५० ते ५०० किलोचा घोडा रोज २० ते २५ किलो लीद-मूत्र टाकतो. गवताचा अंथरा धरून महिन्याला पाऊण टनाच्या वर जाते. जांभ्याच्या जमिनीत पाणी भराभर मुरते, त्यामुळे उघड्या ढिगाचा निचरा पहिल्या पावसातच विहिरीत उतरतो. खड्ड्याला सिमेंटचा तळ आणि वर पत्रा हवा, आणि तो आपल्या वा शेजाऱ्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर दूर, उताराच्या खालच्या अंगाला असावा. उष्ण हवेत अंड्यातून माशी व्हायला आठवडा-दहा दिवसच लागतात. त्याआधी लीद झाकून कुजवली किंवा माडांच्या आळ्यांत मातीखाली पुरली तर उपद्रव वाढत नाही. वाढलाच तर तक्रार पंचायतीत जाते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा आदेश काढू शकतो. तिथे झोन सेटलमेंट असल्याचा उपयोग होत नाही.

परराज्यातून घोडा आणताना पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल सोबत ठेवावा. हा रोग माणसालाही होतो. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग कायद्यानुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे, आणि रोग निश्चित झालेल्या घोड्याला मारावेच लागते. नवा घोडा पहिले काही आठवडे जुन्यांपासून वेगळा, वेगळ्या बादलीवर आणि वेगळ्या खराऱ्यावर ठेवावा. मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) एकच असेल तर त्याने नव्या घोड्याचे काम शेवटी करावे.