लग्नाची डीव्हीडी करायला देताय? मूळ फाइलच आणा

पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ डिस्कवर टाकून द्या, पाच मिनिटांचं तर काम, असं म्हणत आमच्या सांगलीच्या दुकानात रोज कुणी ना कुणी येतं. फाइल नुसती डिस्कवर उतरवायची असेल तर फार वेळ लागत नाही, हे खरं. पण ती डिस्क कॉम्प्युटरवर उघडते. गावाकडे आजीच्या टीव्हीखालचा जुना प्लेअर ती घेत नाही. त्याला मोबाइलची नेहमीची एमपी4 फाइल समजत नाही. त्याला एमपेग-2 या डीव्हीडीच्या फॉरमॅटमधलं चित्र लागतं, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत 720 बाय 576 ठिपक्यांच्या मापाचं, सेकंदाला 25 फ्रेमचं, म्हणजे 25 स्थिर चित्रांचं. आवाज 48 किलोहर्ट्झचा लागतो. म्हणून व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

प्रत्येक वेळी फॉरमॅट बदलताना चित्रातला थोडा तपशील कायमचा जातो. गेलेला तपशील कुठल्याही सॉफ्टवेअरने जसाच्या तसा परत येत नाही. म्हणून आमची एकच विनंती: कॅमेऱ्यातून किंवा मोबाइलमधून निघालेली पहिली फाइल आणा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली फाइल आधीच दाबून लहान केलेली असते. दुसरा मार्ग नसेल तर पाठवणाऱ्याला ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. घरी आधी कन्व्हर्ट करून आणू नका. ते काम एकदाच होऊ द्या.

याचा फटका कुठे बसतो ते अक्षता पडताना दिसतं. एमपेग-2 प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, बहुतेक ठिकाणी आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवतं. भटजी मंगलाष्टक म्हणतायत, सगळे उभे आहेत, तेव्हा बदल थोडा असतो. ‘सावधान’ झालं की शेकडो दाणे एकदम हवेत, प्रत्येकाची दिशा वेगळी! जागा कमी पडली की नेमक्या त्या क्षणी नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात. आम्ही व्हिडिओ दोनदा चालवतो: पहिल्या फेरीत गर्दीच्या जागा शोधतो, दुसरीत तिथे जास्त डेटा देतो. वेळ दुप्पट जातो, पण या क्षणासाठी तो द्यायलाच हवा.

एका डिस्कवर किती तास? साध्या डिस्कवर 4.7 जीबी मावतं. दोन तासांना सेकंदाला साधारण 5 मेगाबिट डेटा वाट्याला येतो, चित्र चांगलं राहतं. तीन तास कोंबले तर जेमतेम साडेतीन. हळद, लग्न, वरात सगळं हवं असेल तर दोन डिस्क करा, असंच आम्ही सांगू.

मोबाइलचं शूटिंग बहुधा सेकंदाला 30 फ्रेमचं असतं, आणि उजेड कमी झाला की फ्रेमही कमी-जास्त होतात. ते तसंच बदललं तर तासाभराने ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. आधी वेग एकसारखा करून घ्यावा लागतो. उभं शूटिंग असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ते कापायचे तर माणसांची डोकी किंवा पाय कापले जातात.

जुन्या कॅमेऱ्याची छोटी मिनी डीव्ही कॅसेट असेल तर कॅसेटच आणा. तासाभराची फाइल सुमारे 13 जीबी होते, तिला धक्का न लावता आम्ही उतरवून घेतो. त्यात प्रत्येक फ्रेम दोन भागांत असते, एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. सुरुवातीच्या काळात आमच्याकडून एका डिस्कवर हा क्रम उलटा झाला होता. वरातीतला घोडा पावलागणिक मागे-पुढे थरथरत होता. डिस्क पुन्हा करून दिली. तेव्हापासून चालत्या माणसांचा भाग टीव्हीवर पाहिल्याशिवाय आम्ही डिस्क देत नाही.

डिस्कवर कागदी स्टिकर लावू नका, वजन एका बाजूला जाऊन ती अडखळते. आणि 2019 च्या पुरात काय काय गेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मूळ फाइलची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा, आणि डिस्क घरच्या प्लेअरवर शेवटपर्यंत पाहून होईपर्यंत मोबाइलमधलं काहीही पुसू नका.