तंबूचे जलरोधन: विणीपासून लेपापर्यंतचा प्रवास

तंबूसाठी आज वापरले जाणारे लेप, फवारे आणि शिवणपट्ट्या कशा अस्तित्वात आल्या हे पाहताना एक अडचण सतत समोर येते. कापड पूर्ण बंद केले की पाऊस अडतो, पण आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफही अडते आणि गार कापडावर तिचे थेंब जमून अंथरूण ओले होते.

सुती कॅनव्हासमध्ये या दोन्ही गरजा बऱ्याच अंशी भागत होत्या. भिजल्यावर सुताचे तंतू फुगून विणीतली छिद्रे बुजतात आणि कापड कोरडे असताना त्याच छिद्रांतून वाफ बाहेर पडते. म्हणूनच नवा सुती तंबू पहिल्यांदा वापरण्याआधी उभारून, चिंब भिजवून पुरता वाळू देण्याची रीत पडली. तंतू नीट बसून शिवणीतली सुईची भोकेही त्याने भरतात, त्यामुळे ही रीत आजही पाळावी. मात्र भिजलेल्या कापडाला आतून हात किंवा सामान टेकले, तर तिथून पाणी पाझरू लागते. मेण किंवा जवसाचे तेल चोळून हा दोष कमी करता येई, पण तंबू जड होई आणि चटकन पेट घेई.

चार्ल्स मॅकिंटॉश यांनी 1823 मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पाणी पूर्ण रोखणारे कापड हाती आले. गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर यांनी 1860 च्या दशकातल्या आपल्या तंबूला असे कापड जमिनीसाठी वापरले आणि छताला साधे विणलेले कापड ठेवले. ही निवड अतिशय समंजस होती, कारण खालून येणारी ओल थांबली तरी वरून हवा खेळती राहिली.

पुढे नायलॉन आले. ते हलके आणि मजबूत होते, पण भिजून सुतासारखे विणीतली छिद्रे बुजवत नव्हते, त्यामुळे पाणी अडवण्याचे काम पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या लेपावर आले. वाफेसाठी आतला श्वसनशील (वाफ बाहेर जाऊ देणारा) तंबू आणि बाहेरचे लेपित आच्छादन अशी दुहेरी रचना रूढ झाली. हा लेप ओलाव्याने हळूहळू विघटित होतो: दमट घडी करून ठेवलेला तंबू काही काळाने उलगडला, तर आतली बाजू बोटांना चिकटते, आंबूस वास येतो आणि लेपाचे पापुद्रे सुटतात. सिलिकॉनचा लेप असा सडत नाही, परंतु त्यावर नेहमीची शिवणपट्टी चिकटत नाही; तिथे शिवण बुजवायला सिलिकॉनचेच सीलंट लागते.

कापडावरून थेंब ओघळून जावेत म्हणून बाहेरून दिल्या जाणाऱ्या फवाऱ्यांत अनेक वर्षे फ्लोरिनयुक्त रसायने होती. ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. त्यांपैकी पीएफओएसचा 2009 मध्ये आणि पीएफओएचा 2019 मध्ये स्टॉकहोम करारात, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात, समावेश झाला, आणि तेव्हापासून उत्पादक मेण व सिलिकॉनवर आधारित, फ्लोरिनविरहित फवाऱ्यांकडे वळू लागले आहेत. हे फवारे तेलकट मळ तितका रोखत नाहीत, म्हणून तंबू अधिक वेळा स्वच्छ करून त्यावर पुन्हा फवारा मारावा लागतो.