स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा स्वागतासाठी उभारला होता का?
न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा स्थलांतरितांच्या स्वागतासाठीच उभारला, असा मजकूर अनेक वर्षे फिरतो आहे. समज स्वाभाविक आहे. परंतु पुतळ्याचे छायाचित्र मोठे करून पाहिल्यास हातातील पाटीवर ४ जुलै १७७६ ही अमेरिकी स्वातंत्र्याची तारीख रोमन अंकांत दिसते आणि पायांशी तुटलेल्या साखळ्या आहेत. फ्रेंच जनतेच्या या भेटीचे अनावरण १८८६ मध्ये झाले, तेव्हा चिनी मजुरांना प्रवेश नाकारणारा १८८२ चा कायदा तेथे लागू होता. थकल्याभागल्या निराश्रितांना बोलावणारी कविता १८८३ मध्ये चौथऱ्याच्या निधीसाठी लिहिली गेली खरी, पण तिचा फलक बसला १९०३ मध्ये. स्वागताचा अर्थ रुजवण्यात मोठा वाटा आहे तो जहाजाच्या कठड्याशी उभे राहून हा पुतळा प्रथमच पाहणाऱ्या स्थलांतरितांचा, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो.